सगळ्यांत हळू चालणाऱ्याची सहल

आपल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी आता अमेरिकेत आहे. व्हिसा मिळाला की अम्मी-अब्बा पाच-सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे असतात. मग मुलगा आणि सून कामावर, नातवंडं शाळेत आणि अम्मी परत स्वयंपाकघरात. अब्बा खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या मोजतात. शनिवारी कुठे फिरायला जायचा विषय निघाला की, "तुम्ही जा बेटा, आमचे गुडघे चालत नाहीत," हे उत्तर ठरलेलं असतं. शिकागोच्या आसपास ज्यांची मुलं आहेत, त्यांच्यासाठी या महिन्यात आम्ही अशा एका जागेबद्दल लिहीत आहोत, जिथे हे उत्तर बदलू शकतं. इलिनॉय राज्यातलं स्टार्व्ह्ड रॉक स्टेट पार्क.

अमेरिकेत केंद्र सरकारची नॅशनल पार्क वेगळी आणि राज्य सरकारांची स्टेट पार्क वेगळी. स्टेट पार्क बहुधा शहरापासून जवळ, कमी खर्चाची आणि घरच्या लोकांनी दोन दिवसांत बघून होतील अशी असतात. स्टार्व्ह्ड रॉक हे इलिनॉयमधलं सगळ्यांत लोकप्रिय ठिकाणांपैकी एक. १९११ साली ते राज्याच्या ताब्यात आलं. शिकागोहून साधारण १५० किलोमीटर, म्हणजे मोटारीने दीड-दोन तास. आत जायला तिकीट नाही.

वाटेत सगळीकडे सपाट मक्याची शेतं दिसतात आणि इथे डोंगर असेल यावर विश्वास बसत नाही. मग इलिनॉय नदीच्या काठाशी जमीन एकदम चिरली जाते. आपल्या सह्याद्रीचा खडक काळा आणि टणक. इथला पिवळसर वालुकाश्म, हात लावला तर बोटाला वाळू लागते. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळून जे महापूर आले, त्यांनी आणि नंतरच्या ओढ्यांनी या मऊ खडकात खोल घळी कोरल्या. अशा १८ घळी इथे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत किंवा चांगला पाऊस झाल्यावर त्यांत धबधबे पडतात, कडक थंडीत तेच धबधबे गोठून बर्फाचे खांब होतात. ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी होतात. भर उन्हाळ्यात मात्र धबधब्यांच्या आशेने जाऊ नये, बहुतेक कोरडे असतात.

पायवाटा एकूण २० किलोमीटरच्या आसपास आहेत, पण सगळ्या चालायच्या नसतात. ज्या कड्यावरून पार्कला नाव पडलं तो आणि फ्रेंच कॅन्यन नावाची घळ, दोन्ही माहिती केंद्रापासून एका किलोमीटरच्या आत. वाइल्डकॅट कॅन्यन दीडेक किलोमीटर. ला साल कॅन्यन तीन किलोमीटरच्या पुढे. ती तरुण पायांसाठी सोडावी. पुष्कळ ठिकाणी लाकडी फळ्यांचा रस्ता आणि पायऱ्या केलेल्या आहेत. पायऱ्या खूप आहेत, हे आधीच सांगतो. म्हणून नकाशा हातात घेऊन सगळ्यांत लांब कुठे जाता येईल हे बघण्याआधी, घरातलं सगळ्यांत हळू चालणारं माणूस कुठपर्यंत जाऊन सुखाने परत येईल, हे बघावं. सकाळची पहिली वाट त्यांच्या मापाची ठेवावी. दुपारी तरुणांनी लांब जावं.

हे जमतं ते पार्कातल्या लॉजमुळे. एका दिवसात जाऊन-येऊन करायचं तर थकलेल्या माणसाला मोटारीत बसवून ठेवावं लागतं. लॉजवर राहिलं तर वाट दारातूनच सुरू होते आणि दमलेल्याला परतायला स्वतःची खोली असते. आम्ही मे महिन्यात दोन रात्री राहिलो, तेव्हा बरोबरच्या सत्तरीच्या अम्मी पहिल्या दिवशी फ्रेंच कॅन्यनपर्यंत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी, "मी इथेच बसते," म्हणून लॉजच्या मागच्या ओट्यावर खुर्ची घेतली. खाली नदी, समोर झाडी. दुपारी आम्ही परतलो तर त्या म्हणाल्या, "चार महिन्यांत आज पहिल्यांदा मला कुणी जेवायला काय आहे विचारलं नाही." ऐकून आमची सून गप्प झाली. त्या रात्री तिने आणि मुलाने बसून घरच्या कामांची नवी वाटणी केली.

लॉजची इमारतही बघण्यासारखी आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत भयंकर मंदी होती. बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर नावाची योजना काढली. त्या पोरांनी हे दगड रचले, हे ओंडके बसवले. महिन्याला पगार ३० डॉलर आणि त्यातले साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. मुंबईच्या गोदीतून, जहाजावरून आणि पुढे आखातातून आलेल्या पैशांवर जी कोकणातली घरं उभी राहिली, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. मधल्या मोठ्या दिवाणखान्यात दगडी शेगडी आहे. तिथे बसून नातवंडांना ही गोष्ट सांगावी.

दुसरी गोष्ट नावाची. १७६९ मध्ये ओटावा जमातीचा सरदार पाँटिअॅक मारला गेला. त्याच्या सुडासाठी चालून आलेल्यांनी इलिनॉय जमातीच्या लोकांना या कड्यावर कोंडलं आणि ते भुकेने मेले, अशी दंतकथा आहे. म्हणून 'उपाशी कडा'. इतिहासकारांना हे असंच घडलं याची खात्री वाटत नाही. पण नदीपलीकडे कास्कास्किया लोकांचं मोठं गाव होतं, हे खरं. १६७३ मध्ये आलेल्या फ्रेंच प्रवाशांनी ते पाहिलं होतं. आज तिथे ते लोक नाहीत. मुलांना दंतकथा दंतकथा म्हणून सांगावी आणि हे गाव खरं होतं, हेही सांगावं.

आता काळजीचं. इथे कड्यावरून पडून माणसं मेली आहेत. वालुकाश्म ओला झाला की निसरडा होतो आणि कड्याची कड पायाखाली तुटते. कठडा ओलांडून फोटो काढू नये, आखलेली वाट सोडू नये, लहान मुलाचा हात सोडू नये. नदी शांत दिसते, पण जवळच धरण आहे. पाण्यात उतरायला मनाई आहे. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. बुरखा किंवा लांब कमीज असेल तर पायऱ्यांवर पायात येणार नाही एवढी उंची असावी.

जेवणाचं म्हणाल तर हलाल मांस मिळेलच हे गृहीत धरू नये. मासे आणि शाकाहारी पदार्थ निवडावेत आणि ते कशात शिजवतात, वाइन घालतात का, हे विचारून घ्यावं. शिकागोच्या डेव्हॉन अॅव्हेन्यूवर हलाल दुकानं भरपूर आहेत. कबाब-रोटी बांधून न्यावी, पण अम्मीला आदल्या रात्री जागवून नव्हे. नमाजसाठी खोली सगळ्यांत बरी. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला असतो, तिथे तो ईशान्येला येतो. कसर नमाजचा मसला निघण्यापूर्वीच आलिमांना विचारून ठेवावा.

शनिवार-रविवारी, विशेषतः ऑक्टोबरात, गर्दी इतकी होते की वाहनतळ भरल्यावर गाड्या परत पाठवतात. जमलं तर मधल्या वारी जावं आणि खोल्या काही महिने आधी राखून ठेवाव्यात. आणि परदेशातल्या आमच्या मुला-मुलींना एवढंच सांगणं: अम्मी-अब्बांचं परतीचं तिकीट ठरलेलं असतं. रजेचे दोन दिवस त्याच्या आधीच काढा.