विश्लेषण : प्रयोग आधी भावी शिक्षकांच्या हातात का हवा?

ताटलीत थोडे पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवायचा. ज्योत विझते, पेल्यात पाणी चढते. ‘मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली,’ हे उत्तर वर्षानुवर्षे वर्गांत सांगितले जाते. हवेत ऑक्सिजन साधारण एकपंचमांश, म्हणून पाणीही तेवढेच चढते, अशी पुस्तीही जोडली जाते. हिशेब इतका छान जुळतो की शंका घ्यावीशी वाटत नाही.

त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावल्या की हिशेब बिघडतो. पाणी जास्त चढते. पेला तोच, हवा तीच. ऑक्सिजन काही वाढलेला नाही. नीट पाहिल्यास आणखी एक गोष्ट दिसते : ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही, ती विझता विझता झपाट्याने चढते. कारण मुख्यतः उष्णतेचे आहे. पेल्यात तापलेली, प्रसरण पावलेली हवा कोंडली जाते, त्यातली थोडी कधी बुडबुड्यांवाटे निसटतेही. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हा पेल्यात ऑक्सिजन शिल्लकच असतो.

प्रशिक्षणात कुठे अडते?

डीएलएडला बारावीच्या कोणत्याही शाखेतून प्रवेश मिळतो. अनेकांचा विज्ञानाशी संबंध दहावीनंतर तुटलेला असतो आणि शाळेतही त्यांनी प्रयोग लांबूनच पाहिलेले असतात. दोष त्यांचा नाही. पुढे टीईटी. पहिली ते पाचवीसाठीच्या पेपरात १५० मिनिटांत १५० प्रश्न, त्यांपैकी ३० परिसर अभ्यासाचे, सगळे बहुपर्यायी. मिनिटभरात पर्याय निवडता येतो. पाणी का चढले, याचा शोध घेता येत नाही. पाठ टाचणात निष्कर्ष प्रयोगाआधीच लिहिलेला असेल, तर तीन मेणबत्त्या लावून पाहण्याचे धाडस छात्राध्यापक कशाला करील?

वेगळी वाट अशक्य नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुलांचे प्रयोग आधी शिक्षकच प्रशिक्षणात करत. सहावी ते आठवीच्या मुलांना परीक्षेत पुस्तक उघडून पाहायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही असे. सरकारने २००२ मध्ये तो बंद केला, हे दुर्दैवच. प्रयोगशाळा नाही ही सबब तर अरविंद गुप्तांच्या टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी केव्हाच निकालात काढली आहे.

बदल सराव पाठाच्या मूल्यमापनापासून करता येईल. फळ्यावरचे अक्षर आणि वेळेचे नियोजन यांच्यासोबत आणखी एक रकाना हवा : उत्तर माहीत नसलेला प्रश्न मुलाने विचारला, तेव्हा छात्राध्यापकाने काय केले?