हजेरीपटावरचा तिसरा रकाना

मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,



ज्या मुलाचं नाव हजेरीपटावर आहे ते शाळेत, ज्याचं नाही ते शाळाबाह्य. सतत महिनाभर गैरहजर राहिलेलं मूलही शाळाबाह्यच. आपल्या विभागाच्या दप्तरात मुलांचे हे दोनच प्रकार आहेत. आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळेत आणि उरलेले दिवस घरी शिकू पाहणाऱ्या मुलासाठी तिसरा रकाना नाही. तो असावा, यासाठी हे पत्र.

अर्धी शाळा, अर्धं घर ही रचना इतरत्र चांगली रुळलेली आहे. अमेरिकेत तिला हायब्रिड होमस्कूल म्हणतात. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात १९९३ साली ग्रेस प्रेपरेटरी अकॅडमी सुरू झाली, तेव्हा तिने कॉलेजचं वेळापत्रक शाळेला लावलं: ठरावीक वारी तास, मधले दिवस घरी. पुढे या पद्धतीला ‘युनिव्हर्सिटी मॉडेल’ हे नाव पडलं आणि अनेक शाळांनी ती उचलली. अशा शाळांत साधारणपणे लहानांचे वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी भरतात, मोठ्यांचे सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. नवा धडा शिक्षक वर्गात शिकवतात आणि घरच्या दिवसाचं काम लिहून देतात. कोणती पानं वाचायची, किती गणितं सोडवायची, निबंधाचा खर्डा कुठवर न्यायचा, सगळं त्यात असतं. पहिली-दुसरीच्या मुलाशेजारी आई किंवा बाबा बसून राहतात. नववीच्या मुलाला मात्र काम झालं का, एवढं विचारलं तरी पुरतं.

पूर्णपणे घरी शिकवणाऱ्या पालकांची जी दमछाक होते, ती इथे थांबते. भाषा, इतिहास, अंकगणित घरी निभावतं. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा स्वयंपाकघरात मांडता येत नाही आणि खो-खोचा संघ दिवाणखान्यात जमत नाही. शाळेच्या दिवसांत मुलाला शिक्षक मिळतात, सवंगडी मिळतात, आणि आपलं मूल नेमकं कुठे आहे हे त्रयस्थ नजरेने पालकांना कळतं. फी पूर्णवेळ खासगी शाळेपेक्षा सहसा कमी असते. पण घरच्या दिवशी मोठं माणूस घरात लागतंच, म्हणजे कित्येक कुटुंबांना एका पगारावर पाणी सोडावं लागतं. ही किंमत बहुतेक वेळा आईच्या नोकरीतून वसूल होते. या व्यवस्थेची बाजू मांडणाऱ्यांनी ते लपवू नये.

हे झालं खासगी शाळांचं. आयोवा राज्याने सरकारी शाळेचंच दार उघडलं. तिथे घरी शिकणारं मूल स्थानिक सरकारी शाळेत नाव नोंदवून हवे तेवढेच विषय घेऊ शकतं, तिथल्या बँडमध्ये वाजवू शकतं, मैदानी संघात खेळू शकतं. अशा मुलापोटी शाळेला अनुदानाचा काही अंश मिळतो, म्हणून ते मूल शाळेला ओझं वाटत नाही.

आयुक्तसाहेब, आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचं उदाहरण कदाचित इंग्लंडमधलं ठरेल. तिथे या पद्धतीला फ्लेक्सी-स्कूलिंग म्हणतात आणि ती मुख्याध्यापकांच्या संमतीवर चालते. स्टॅफर्डशरच्या डोंगराळ भागातल्या हॉलिन्सक्लो गावच्या प्राथमिक शाळेचा पट अवघ्या पाचावर आला होता. शाळा बंद पडणार हे दिसत असताना मुख्याध्यापिकेने घरी शिकणाऱ्या मुलांना आठवड्यातले काही दिवस यायची मुभा दिली. आसपासची कुटुंबं आली, पट कित्येक पटींनी वाढला आणि शाळा तगली.

आपल्याकडे २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा सुमारे १५ हजार असल्याचं आपल्याच विभागाने सांगितलं होतं. त्या प्रत्येक शाळेजवळ घरी शिकणारी मुलं असतील असं कुणी म्हणणार नाही. पण पुण्या-नाशिकच्या आसपासच्या किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या शाळेला अशी चार-सहा मुलं मिळाली, तर तिची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदं, वाचू शकतात.

सध्या घरी शिकवणाऱ्या कुटुंबांची वाट कशी आहे? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवतं. ते न पाळणाऱ्या पालकांना कायद्यात दंड नाही, पण घरच्या शिक्षणाचा उल्लेखही नाही. पाच-सहा कुटुंबांनी एकत्र येऊन आठवड्यातून दोन दिवस वर्ग भरवायचं ठरवलं, तर विनामान्यता शाळा चालवल्याचा ठपका येऊ शकतो. कलम १८ नुसार त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. उरतात परीक्षेच्या वाटा: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आणि दहावी-बारावीसाठी घरोघरी ठाऊक असलेला १७ नंबरचा फॉर्म. या तिन्ही वाटा परीक्षेपाशी नेतात. शिकण्याच्या मधल्या वर्षांत शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान यांतलं काहीच हाती लागत नाही.

ही पोकळी किती महागात पडते, हे २०१६ मध्ये साऱ्या देशाने पाहिलं. सातवीत शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीने आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली होती. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता बंद होता. अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. तिच्यामागे सजग आई होती, तिला शिकवणारी चेन्नईची गणित संस्था होती. सगळ्यांच्या मागे एवढं बळ नसतं.

आपल्या विभागाला वाटणारी भीती खोटी नाही. सवलत एकदा दिली की तिचा आधार घेऊन कुणी मुलीला घरकामाला जुंपेल, कुणी मुलाला ऊसतोडीला नेईल. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तो याच कारणासाठी. ती सक्ती सैल करा असं इथे कुणी म्हणत नाही. उलट आज कोणत्याच नोंदीत नसलेलं मूल अर्ध्या हजेरीने निदान शिक्षकांच्या नजरेसमोर येतं. दोन दिवस जे मूल शाळेत दिसतं, ते तिसऱ्या आठवड्यात दिसेनासं झालं तर शिक्षकांना लगेच कळतं.

आणि मुलाच्या जगण्याप्रमाणे शाळेने वाकणं या मातीला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल गुरं सोडून येऊ शकत नव्हतं, म्हणून शाळा गुरांमागे गेली. पुढे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळांचे पर्यायी नमुने चालू देण्याची आणि राज्यांची मुक्त विद्यालयं बळकट करण्याची भूमिका घेतली आहे.

म्हणून विनंती अशी. कमी पटाच्या निवडक जिल्हा परिषद शाळांत तीन वर्षांसाठी ‘अंशकालीन हजेरी’ सुरू करावी. मुलाचं नाव पटावर असावं, शाळेचे वार मुख्याध्यापक आणि पालक यांनी मिळून लेखी ठरवावेत, आणि त्या वारी गैरहजेरी लागली तर आजचेच नियम लागू व्हावेत. घरी झालेल्या कामाची वही शिक्षकांनी महिन्यातून एकदा पाहावी. पाचवी आणि आठवीला राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची परीक्षा बंधनकारक ठेवावी. मूल मध्येच पूर्णवेळ शाळेत येऊ इच्छित असेल तर कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात त्याला तत्काळ घ्यावं.

शिक्षकांवर या कामाचा बोजा पडेल, हे उघड आहे. महिन्याच्या तपासणीचे तास त्यांच्या कार्यभारात धरावेत आणि पहिल्या वर्षाची पाहणी करताना त्यांचं म्हणणं पालकांच्या आधी ऐकावं.