शिध्याचा खर्च विम्यात हवा

अन्न ही उदरनिर्वाहाची बाब असून उपचाराची नव्हे, म्हणून रुग्णाच्या पोषणाचा भार सरकारी आरोग्य विम्यावर टाकू नये, असा पूर्वपक्ष मांडला जातो. परंतु 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या नियमांतच त्याचे उत्तर आहे. रुग्ण खाटेवर असेपर्यंत त्याचे जेवण उपचाराच्या ठरलेल्या दरात धरले जाते आणि घरी गेल्यावर पंधरा दिवसांची औषधे व तपासण्याही मिळतात, मात्र अन्न रुग्णालयाच्या फाटकाशीच तुटते. आजार तोच, रुग्ण तोच. मग आतले अन्न उपचार आणि बाहेरचे केवळ जेवण, हा भेद कोणत्या वैद्यकीय आधारावर केला जातो?

कर्नाटकात बंगळूरूजवळच्या आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्र येथे हृदयरोग व कर्करोगाची मोठी रुग्णालये आहेत. तोंडाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णाला गिळता येत नाही, त्याला नाकातून जठरात सोडलेल्या नळीवाटे नाचणीची पेज, दूध किंवा डाळीचे पाणी दिले जाते. ते नळीतून उतरावे म्हणून पातळ करावे लागते आणि पातळ केले की त्यातील सत्त्व घटते, त्यामुळे प्रत्येक वाटीचे प्रमाण आहारतज्ज्ञाने ठरवून द्यावे लागते. वजन फार उतरले तर किरणोपचार मध्येच थांबवण्याची वेळ येऊ शकते. अशा रुग्णाची पेज उपचारात मोडत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे.

शिधापत्रिकेवर धान्य मिळतेच, हा आक्षेपही टिकत नाही, कारण ते या भागात मुख्यतः तांदूळ-नाचणीचे असते आणि झिजलेले स्नायू भरून काढणारी प्रथिने त्यातून पुरेशी मिळत नाहीत. झारखंडमधील ‘राशन्स’ चाचणीत क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पूरक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले आहेत, म्हणजे एका रोगापुरते तत्त्व शासनाने स्वीकारलेलेच आहे.

विमा औषधांपुरताच असतो, हेही खरे नाही. आनेकल तालुक्यातीलच जिगणी, अत्तिबेलेच्या कारखान्यांतील विमाधारक कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेतून आजारपणात मजुरीच्या 70 टक्के रोख लाभ मिळतो. या योजनेमागच्या 1948 च्या कायद्याने आजाऱ्याचे घर चालणे हीही विम्याची जबाबदारी मानली.

गैरवापराची भीती मात्र रास्त आहे. महागड्या डबाबंद पावडरींची बिले विम्याने भरू लागल्यास लाभ रुग्णाऐवजी विक्रेत्याकडे जाईल. म्हणून रोख रक्कम किंवा पावडर न देता, घरी पाठवताना आहारतज्ज्ञाने लिहून दिलेली डाळ, अंडी, तेल व दूधभुकटी तालुका रुग्णालयातून द्यावी, दर भेटीत वजनाची नोंद घ्यावी आणि वजन सावरल्यावर हा शिधा थांबवावा.