आठवण कोणी ठेवायची?
भाषा-मॉडेलला मागच्या बोलण्याची आठवण आपोआप राहत नाही, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. आपण पाचवा प्रश्न विचारतो तेव्हा आधीचे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं ॲप पुन्हा त्याच्यापुढे ठेवतं, ते सगळं वाचून मग मॉडेल बोलतं. या वाचनालाही मर्यादा असते. २०२० च्या जीपीटी-३ या मॉडेलला एका वेळी २०४८ टोकनच, म्हणजे शब्दांचे तुकडेच, पेलायचे, आणि देवनागरी मजकूर इंग्रजीहून कितीतरी जास्त टोकन खायचा. म्हणून ॲप बनवणारे जुनं बोलणं गाळतात, नाहीतर त्याचा सारांश करून पुढे नेतात. खरी गोम इथेच आहे. ‘आईला पेनिसिलिन चालत नाही’ हे सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. सारांशात ‘आईच्या तब्येतीची चौकशी’ एवढंच उरलं, तर पुढचा सल्ला जिवावर बेतू शकतो. काय विसरलं तर चालेल, हे ॲप लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं, आणि ते जोखमीचं काम आहे. पेनिसिलिनसारख्या गोष्टी सारांशात न मिसळता जशाच्या तशा वेगळ्या नोंदवायला हव्यात, आणि ती नोंद वापरणाऱ्याला दिसली पाहिजे, खोडता आली पाहिजे. चॅटजीपीटीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी सोय द्यायला सुरुवात केली. तुमच्या ॲपमध्ये ती असेल तर आजच उघडून वाचा, आणि चुकीचं असेल ते खोडून टाका.