गिअरबॉक्स, आत्याचा गुडघा आणि एक वायर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नातेवाईकांपैकी जे इथे येऊन वाचतात त्यांना हे प्रकरण अर्धवट माहीत आहे, म्हणून आज पूर्णच सांगून टाकतो. माझ्या चुकीसकट.

आत्या साताऱ्यात एकटी राहते. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला क्लच दाबणं जमेना, म्हणून तिने एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नसतं. भाजी, बँक, फिजिओथेरपी, महिन्यातून एकदा मैत्रिणींना घेऊन यवतेश्वर, सगळं तिचं तीच करते. "सोडतोस का रे?" असं कुणाला विचारावं लागत नाही. तिच्यासाठी ते फार मोठं आहे.

तर गेल्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात गाडी अचानक जड झाली. ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला आणि थांबून पुन्हा निघताना गाडी जागची हलेना. बंद करून पाच मिनिटांनी चालू केली तर एकदम ठीक! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, कोड निघाला पी०७५३. निकाल: "गिअरबॉक्स गेला मॅडम, पावणेदोन लाख." तेवढी तर गाडीचीही किंमत नाही. मग घरात फोनाफोनी. "विकून टाक आता, वय झालं, रिक्षा आहेत की." आत्या काही बोलली नाही. आत्या गप्प बसली की समजायचं, मनाला लागलंय.

इथे मी उडी मारली. इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर ना मी! नेटवर कोडचा अर्थ पाहिला, "शिफ्ट सोलेनॉइड ए, इलेक्ट्रिकल". म्हटलं, सोपं आहे, सोलेनॉइड बदला. मागवला, तेल उपसून बसवून घेतला, सगळे मिळून साडेनऊ हजार गेले. दोन दिवस गाडी झकास चालली. तिसऱ्या दिवशी घाटात दिवा पुन्हा लुकलुकला. आत्याच म्हणाली, "जाऊ दे रे, तुझे पैसे नको घालवू." मंडळी, त्या वाक्याने जेवढं ओशाळलो तेवढा वर्कशॉपच्या आकड्याने दचकलो नव्हतो.

आता माझं म्हणणं मांडतो. कोड म्हणजे निदान नव्हे, कोड म्हणजे तक्रार आहे. पोट दुखतंय असं पेशंटने सांगितलं म्हणून कुणी लगेच पोट कापत नाही. पी०७५३ एवढंच सांगतो की त्या सोलेनॉइडच्या विजेच्या वाटेत काहीतरी बिघडलंय. त्या वाटेवर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आहे, वायर आहे, प्लग आहेत, अर्थ आहे आणि सगळ्यात शेवटी सोलेनॉइड. पाच संशयितांपैकी मी शेवटच्याला पकडून शिक्षा दिली. वर्कशॉपने तर अख्ख्या वाड्यालाच दोषी धरलं. गंमत म्हणजे सोलेनॉइड अडकला, तेलाचा दाब नीट गेला नाही, अशा तक्रारीला वेगळा कोड आहे, पी०७५१. म्हणजे गाडी स्वतःच सांगत होती की बाई, माझं दुखणं विजेचं आहे.

आणि गाडी जड का झाली? तर कॉम्प्युटरचा एका सोलेनॉइडवरचा विश्वास उडाला की तो बहुतेक गाड्यांत सगळ्यांचीच वीज तोडतो. मग तेलाच्या दाबावर एकच गिअर उरतो, आमच्या गाडीत तिसरा. घाटात तिसऱ्यावर उचलायचं म्हणजे जड होणारच. गिअरबॉक्स आणखी बिघडू नये आणि माणूस घरी पोचावा म्हणून केलेली ही लंगडी चाल आहे. लंगडणाऱ्याचा पाय निकामी झाला असं लगेच ठरवायचं नसतं, हे निदान आमच्या घरात तरी कळायला हवं होतं.

शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे स्कॅनर नाही. एक मल्टिमीटर, आणि वायरी जोडलेला २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब. त्यांनी आधी बॅटरी पाहिली: बंद असताना १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. "व्होल्टेज कमी असलं की कॉम्प्युटर काहीही बरळतो," काका म्हणाले. मग प्लग काढून आत तेल किंवा पाणी आलंय का ते पाहिलं. मग कॉम्प्युटरचा प्लग सोडवून त्या बाजूने ओहम मोजले, म्हणजे वायर आणि सोलेनॉइड दोन्ही एकदम मोजले जातात. १३ ओहम. अगदी बरोबर.

"म्हणजे वायर चांगली आहे," मी (इंजिनिअर!) म्हणालो.

"साहेब, मीटर वायरीतनं किती करंट सोडतो?"

मी गप्प. मीटर सोडतो मिलीअँपिअरमध्ये. आणि १२ व्होल्टला १३ ओहमचा सोलेनॉइड ओढतो जवळजवळ एक अँपिअर. गंजलेला जोड मीटरपुढे शहाण्यासारखा वागतो आणि खरा करंट आला की माघार घेतो. त्यात साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोनतीनदाच आकडा बदलतो, मधल्या मधे वायर क्षणभर तुटून जोडली गेली तर त्याला पत्ताही लागत नाही. ओहमचा नियम मी कॉलेजात शिकलो, काका गाडीखाली.

काकांनी वायरीची दोन्ही टोकं मोकळी केली आणि तिच्यातून बॅटरीवर तो बल्ब पेटवला. हे करताना दोन्ही प्लग काढलेले हवेत, नाहीतर पावणेदोन अँपिअरचा बल्ब कॉम्प्युटरलाच घेऊन जायचा. मग हार्नेस टोकापासून हाताने हलवत आले. बॅटरीच्या ट्रेखाली, जिथे हार्नेस पत्र्याला घासत होता, तिथे बल्ब मिणमिणला, विझला, पुन्हा पेटला. टेप सोलली तर वरचं प्लास्टिक झिजलेलं, आत हिरवा गंज आणि तांब्याचे दोनचार धागे. घाटात इंजिन जोर लावताना माउंटिंगवर हलतं, वायर ताणली जाते आणि संपर्क सुटतो. सपाटीवर सगळं आलबेल!

खराब तुकडा कापला, नवी वायर डाखली, वर स्लीव्ह चढवली आणि हार्नेस पत्र्यापासून दूर बांधला. तीन तास लागले. काकांनी आठशे रुपये मागितले.

यावर घरातल्याच एकाची प्रतिक्रिया: "एका वायरीचे आठशे?" मला लिहायला बसवलं ते या वाक्याने. साडेनऊ हजारांच्या निरुपयोगी सोलेनॉइडला कुणी नाक मुरडलं नाही, कारण त्याला खोका होता, बिल होतं. आपल्याला वस्तूचे पैसे द्यायला काही वाटत नाही, शोधण्याचे द्यायला जिवावर येतं. मग गॅरेजवाल्यांनी शोधावं तरी कशाला? त्यांचीही बाजू आहे. तीन तास वायर हलवण्याचं बिल गिऱ्हाईक देत नाही, आणि चौथ्या दिवशी दिवा लागला तर शिव्या मात्र खाव्या लागतात. अख्खा गिअरबॉक्स बदलला की दुसऱ्या बाजूची वायरही हाताळली जाते आणि कधीकधी दोष योगायोगाने जातोही. पावणेदोन लाखांचा योगायोग.

प्रत्येक वेळी वायरच निघेल असं नाही. तेल जळकं, काळं झालं असेल, गिअर घसरत असतील, तर बॉक्स उघडावाच लागतो. पण विजेचा कोड आला असेल तर उघडण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: "तुम्ही काय मोजलंत?" उत्तरात आकडे आले तर ऐका. नुसतं "मशीनने सांगितलं" आलं तर गाडी घेऊन घरी या.

असो. त्याला आता आठ महिने झाले. दिवा लुकलुकलेला नाही. आत्या परवाच यवतेश्वरला जाऊन आली, आणि काकांना खोबऱ्याच्या वड्यांचा डबा देऊन आली. मला नाही दिला. रास्तच आहे म्हणा!