कडब्याचा हिशेब

सरकारदरबारी दुष्काळ जाहीर होतो तो निकष तपासून आणि अहवाल मागवून. माण, आटपाडी, सांगोला किंवा बीडकडच्या शेतकऱ्याला तो त्याच्या कितीतरी आधी कळलेला असतो. दिवाळी सरली की तो परड्यातल्या गेल्या सालच्या गंजीकडे पाहतो. परतीचा पाऊस रुसल्यामुळे शेतात ज्वारी नीट उगवलेली नसते; म्हणजे माघ-फाल्गुनात नवा कडबा येणार नाही, हे त्याला ठाऊक असते. मग तो दावणीची जनावरे मोजतो आणि मृगाला किती दिवस उरले याचा विचार करतो.

हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. साधारण चारशे किलो वजनाच्या गाईला रोज दहा-बारा किलो कोरडा आहार लागतो. हिरव्या वैरणीचा पत्ता नसेल, तर तो बराचसा कडब्यातूनच भागवावा लागतो. रोजचे दहा किलो धरले तरी आठ महिन्यांत एका जनावराला २४ क्विंटल लागतात. घरात बैलजोडी आणि एक गाय असेल, तर ७२ क्विंटल. शेकड्याने पेंढ्या विकत घेऊन ही भर करणे कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यातले नसते, कारण दुष्काळात सगळेच गिऱ्हाईक असतात आणि विकणारे थोडे.

पण वैरणीच्या टंचाईचे सारे खापर पावसावर फोडता येत नाही. ज्वारी हे दोन तोंडांचे पीक होते. कणसे माणसांना आणि धाटे जनावरांना. मंगळवेढ्याकडची मालदांडी लोक जपत, ती भाकरीच्या चवीइतकीच तिच्या गोड, उंच कडब्यासाठी. ज्वारीच्या शेतात हळूहळू सोयाबीन आले, कुठे ऊस, कुठे डाळिंब. शेतकऱ्याने हे हौसेने केले नाही. ज्वारीला भाव नव्हता, आणि भर उन्हात ती हाताने उपटायला, पेंढ्या बांधायला माणसे मिळेनाशी झाली. दोन पैसे अधिक देणारी पिके आली, पण त्यांनी गव्हाणीत फारसे काही टाकले नाही. गव्हाच्या काढणीला यंत्र आले आणि काडही रानातच राहू लागले.

बँकेत असताना पीककर्जाचे आणि दुभत्या जनावरांच्या कर्जाचे असंख्य अर्ज माझ्या टेबलावरून गेले. ज्वारीचे क्विंटल त्यात लिहिलेले असत, कडब्याला रकाना नसे. गाईच्या कर्जात दुधाचे लिटर आणि परतफेडीचे हप्ते चोख मांडलेले असत. चाऱ्याच्या खर्चापुढे एक ठरावीक आकडा असे, आणि पाऊस नेहमीसारखा पडेल हे त्यात गृहीत असे. दुष्काळात सगळ्यांत आधी कोसळे तो हाच आकडा. चारा महागे, दूध आटे, हप्ता मात्र जागच्या जागी असे.

अशा वेळी माणूस काय करतो? उसाचे वाढे आणतो. पण नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवले, तर त्यातले ऑक्झॅलेट शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते आणि दूध घटते. म्हणून जाणते लोक वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी कापावी, तर किराळ लागून उभे जनावर दगावण्याची भीती. मग उरते ती छावणी. २०१२-१३ मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने छावणी चालवली. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यभर सरकारी छावण्या उघडल्या आणि मोठ्या जनावरामागचे अनुदान दिवसाला १०० रुपयांपर्यंत गेले. छावणीने हजारो जनावरे वाचवली, यात शंका नाही. मात्र जनावरामागे घरातले कुणीतरी महिनोन्महिने पालाखाली राहते, घर दोन ठिकाणी चालते, आणि त्याचा भार बहुधा बाईवर पडतो.

आणि छावणीही जवळ नसली तर शेवटी बाजार. सगळे एकदम विकायला निघाल्यावर भाव पडणारच. पाऊस झाल्यावर तोच शेतकरी तसेच जनावर चढ्या भावाने घ्यायला जातो. मुदतीपूर्वी ठेव मोडणाऱ्याचे नुकसान आपल्याला चटकन समजते. दावणीची ठेव मोडण्यातले नुकसान याहून कितीतरी मोठे असते.

हवामान आता एका चालीने वागत नाही. २०१९ मध्येच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला चाऱ्यासाठी छावण्या होत्या आणि ऑगस्टमध्ये पश्चिमेला कृष्णेच्या महापुराने गोठे बुडवले. अवकाळी पावसात भिजलेला कडबा काळा पडतो, त्याला बुरशी धरते, आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. तेव्हा वैरणीची तरतूद चांगल्या वर्षातच करायला हवी.

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. हिरवा मका कापून, दाबून, हवाबंद ठेवला की दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो आणि तो पुढे कित्येक महिने टिकतो. शंभर किलो काडाला चार किलो युरियाचे पाणी मारून तीन आठवडे झाकून ठेवले, तर निकृष्ट चाराही पोषक होतो. कुट्टी केली तर नासाडी कमी होते. पाणी ओसरलेल्या तलावाच्या गाळात चारा पेरता येतो. यांतले काहीच अवघड नाही, पण याला पैसा लागतो आणि तो सुगीतच हाती पडायला हवा. मेमधल्या छावणीसाठी तिजोरी उघडते, तशी नोव्हेंबरातल्या मुरघासासाठी आणि गावच्या चारापेढीसाठी का उघडू नये? ज्वारीचा भाव ठरवताना कडबा धरावा, आणि कर्जाच्या कागदावर त्याला एक रकाना असावा.

शहरातल्या घरात सकाळी दुधाची पिशवी येते, तिची किंमत वाढली की आपण कुरकुरतो. त्या किमतीत गव्हाणीचा वाटा किती, हे विचारायची सवय लागली, तर कडब्याचा हा हिशेब एकट्या शेतकऱ्याला करावा लागणार नाही.