ऑस्करला चित्रपट पाठवते कोण?
पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने मे २०२४मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार पटकावला. मुंबईतील परिचारिकांची ही कथा रत्नागिरीपर्यंत जाते. तरीही भारताची ऑस्कर प्रवेशिका ठरली ‘लापता लेडीज’. चाहते चक्रावले; पण हा निर्णय ऑस्करवाल्यांचा नव्हता. तेव्हाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येई. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. ‘लापता लेडीज’ पुढे १५ चित्रपटांच्या यादीतही आला नाही. ब्रिटनने पाठवलेला हिंदी ‘संतोष’ मात्र आला. आवडीनिवडी वेगळ्या असणारच. पण निवड देशाच्या नावाने होत असेल, तर तिचे निकष आणि कारणे प्रेक्षकांसमोर सविस्तर मांडायलाच हवीत.